समोरच्या चाळीची पाठ : सेल्युलर जेलच्या आराखड्यातली भीती

अंदमानच्या सेल्युलर जेलचं नाव निघालं की मराठी घरात कोलू, बेड्या आणि सावरकर बंधू आठवतात. ते साहजिकच आहे. पण वास्तुकलेच्या अंगाने या तुरुंगाकडे पाहताना मला सर्वांत अस्वस्थ करते ती तिथली एक साधी रचना. प्रत्येक चाळीचं, म्हणजे कोठड्यांची रांग असलेल्या लांबट इमारतीचं, तोंड शेजारच्या चाळीच्या पाठीकडे आहे. फटके मारायला कुणीतरी लागतं, कोलूला जुंपायला जमादार लागतो. ही समोरची पाठ मात्र कुणी काहीही न करता दिवसरात्र कैद्याला छळत होती. इमारत माणसाच्या मनात भीती कशी उभी करते, हे दाखवणारं याहून स्पष्ट प्रकरण आपल्या देशात मला तरी माहीत नाही.

भीती कमी पडली म्हणून

मार्च 1858 मध्ये पहिले 200 बंदी अंदमानात उतरवले गेले, तेव्हा तिथे तुरुंगाची इमारत नव्हती. समुद्र हाच कोट होता. जंगल तोडायचं, दलदली बुजवायच्या आणि तापाने मरायचं. काळ्या पाण्याची दहशत होती ती या अंतराची. समुद्र ओलांडला की जात गेली, घर तुटलं, परतीची आशा संपली.

पुढच्या तीसेक वर्षांत वसाहत स्थिरावली. काही वर्षं नीट काढलेल्या कैद्याला जमिनीचा तुकडा, गुरं, लग्नाची परवानगी मिळू लागली. तिथले कैदी किती मोकळे वावरत होते हे सरकारला 8 फेब्रुवारी 1872 रोजी फार महागात पडून कळलं. होपटाउनच्या धक्क्यावर व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून झाला. खून करणारा शेर अली आफ्रिदी हा जन्मठेपेचा कैदीच होता आणि न्हावीकाम करत वसाहतीत फिरत होता.

1890 मध्ये चार्ल्स लायल आणि डॉक्टर लेथब्रिज यांनी अंदमानची पाहणी करून जो निष्कर्ष काढला, तो या प्रकरणाचा पाया आहे. देशातल्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा अंदमान बरं, असं कैद्यांना वाटू लागलं आहे. म्हणजे शिक्षेतला धाक गेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नव्याने येणाऱ्या प्रत्येक कैद्याने सुरुवातीचे काही महिने एकेकट्या कोठडीत काढावेत, मगच त्याला वसाहतीत सोडावं, अशी शिफारस झाली. त्यासाठी कोठड्यांची इमारत हवी होती. 1896 मध्ये काम सुरू झालं आणि 1906 मध्ये पुरं झालं. विटा ब्रह्मदेशातून आल्या आणि बांधणारे हात कैद्यांचेच होते.

घर बांधताना मालक सांगतो, दोन खोल्या हव्यात, देवघर हवं, उजेड हवा. इथे मालकाची मागणी होती की येणाऱ्या माणसाला भीती वाटली पाहिजे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ज्या शिफारशीतून ही वास्तू जन्मली तिचा हेतूच तो होता. म्हणून या इमारतीतली प्रत्येक भिंत त्या मागणीला दिलेलं उत्तर म्हणून वाचता येते.

सगळ्यांना ठाऊक असलेला, पण न जुळणारा खुलासा

मधे एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली चाळी, असा नकाशा आहे. तो पाहिला की बहुतेक लेखक लगेच जेरेमी बेंथमचं नाव घेतात. बेंथमने 1791 मध्ये प्रसिद्ध केलेल्या योजनेत कोठड्या गोलाकार मांडलेल्या होत्या, मध्यभागी पहारेकऱ्याचा बुरूज होता आणि बुरुजातून प्रत्येक कोठडीचं अंतरंग दिसत होतं. पहारेकरी आपल्याला दिसत नाही, पण तो कधीही पाहत असेल, या धास्तीनेच कैदी सरळ राहील, असा त्याचा हिशोब होता.

अंदमानात हा हिशोब लागू पडत नाही. मनोऱ्यात उभं राहिलं की चाळींचे व्हरांडे लांबवर दिसतात, पण कोठड्यांच्या आत दिसत नाही. तिरक्या नजरेला गजांच्या कडा तेवढ्या दिसणार. मनोऱ्याचं काम वेगळं होतं. सगळ्या चाळींची वाट त्यातूनच जायची, त्यामुळे ती नाडी आवळली की सातही चाळी बंद. शिवाय तिथे धोक्याची मोठी घंटा होती.

या इमारतीचं खरं कूळ दुसरं आहे. फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग 1829 मध्ये सुरू झाला. जॉन हॅविलंड या स्थपतीने त्यातही एका केंद्रातून सात भुजाच काढल्या होत्या. तिथला सिद्धांत असा की कैद्याला इतर कैद्यांपासून पूर्ण तोडलं की तो अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करेल. लंडनच्या पेंटनव्हिलने 1842 मध्ये हाच मार्ग धरला. तिथे कैदी कोठडीबाहेर आला की त्याच्या तोंडावर बुरखा असे आणि प्रार्थनाघरातही प्रत्येकाला वेगळा खण असे. पश्चात्तापाच्या नावाने सुरू झालेलं हे तंत्र अंदमानात पोचेपर्यंत पश्चात्ताप गळून पडला आणि तोडणं तेवढं उरलं.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण दोन नकाशे दोन वेगळ्या भीती निर्माण करतात. बेंथमच्या गोलात कैद्याला वाटतं, माझ्यावर सतत कुणाचा तरी डोळा आहे. अंदमानच्या चाळीत त्याला वाटतं, माझं काहीही झालं तरी पाहणारं कुणी नाही. दुसरी भीती जास्त खोल जाते, असं माझं मत आहे.

कोठडीतून काय दिसतं

आता एका कोठडीत उभे राहू. लांबी साडेतेरा फुटांच्या आसपास, रुंदी साडेसातच्या जवळपास. पाच पावलांत खोली संपते. मागच्या भिंतीत नऊ-दहा फुटांवर गज लावलेला झरोका. उडी मारूनही हात पोचत नाही. लहान जमीन आणि उंच छत यांमुळे या खोलीत उजेड वरून येतो आणि नजर वर जाते, पण वर पाहण्यासारखं काही नाही. आभाळाची एक चिंधी तेवढी दिसते.

पुढे लोखंडी गजांचं दार. भरीव दार नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कैद्याला बाहेर दिसतं. पुढचा चिंचोळा व्हरांडा दिसतो, खालचं त्रिकोणी अंगण दिसतं आणि त्यापलीकडे शेजारच्या चाळीची पाठ. तीन मजले, रांगेने झरोके. प्रत्येक झरोक्याआड एक माणूस आहे हे याला पक्कं ठाऊक आहे. त्या माणसाचं तोंड पलीकडे आहे आणि त्याला जी पाठ दिसते आहे तिच्याआडही असाच एक माणूस आहे. सात चाळी अशा एकामागे एक. जवळपास 700 माणसं एका आवारात आणि एकाचाही चेहरा दुसऱ्याला दिसत नाही.

आंधळी भिंत समोर असती तर कैद्याने जगच विसरायचा प्रयत्न केला असता. इथे त्याला माणसांच्या अस्तित्वाच्या खुणा दिसत राहतात आणि माणूस दिसत नाही. मन त्या झरोक्यांकडे पुन्हा पुन्हा जातं. आपला सोबती तिथे असेल का? जिवंत असेल का? बाबाराव सावरकर आणि त्यांचे धाकटे भाऊ विनायकराव यांच्या बाबतीत हेच झालं. बाबाराव आधीच तिथे होते. विनायकराव जुलै 1911 मध्ये पोचले. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात असूनही भेट व्हायला फार काळ जावा लागला.

इथे गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणावी. एका रांगेत खोल्या, पुढे सामाईक व्हरांडा, तीन मजले. सुटे भाग तेच आहेत. पण गिरगावात चौकाच्या दोन्ही अंगांच्या व्हरांड्यांची तोंडं एकमेकांकडे असतात, म्हणून समोरच्या घरात कोण आजारी आहे हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं आणि रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला चौकात भीती वाटत नाही. खोली लहान असली की माणूस घुसमटतो, असं आपण सरसकट म्हणतो. गिरगावातल्या खोल्याही काही मोठ्या नसतात. तोंड कुणीकडे आहे आणि दाराची कडी कुणाच्या हातात आहे, यावर सारं ठरतं.

ती कडीही बघण्यासारखी आहे. दाराच्या कडीचा लांब दांडा बाहेरच्या बाजूने भिंतीतल्या कोनाड्यात जातो आणि कुलूप तिथे लागतं. गजांतून हात बाहेर काढला तरी बोटं कुलपापर्यंत जात नाहीत. कुलूप तोडू नये म्हणून केलेली ही योजना आहे हे उघड आहे. तिचा दुसरा परिणाम असा की कैद्याला आपलं कुलूप नीट दिसतही नाही. ते लागल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. व्हरांडा कोठड्यांच्या रांगेला समांतर असल्यामुळे आतून त्याचा समोरचा तुकडाच दिसतो. पहारेकरी चालत येतो तेव्हा आधी पावलं ऐकू येतात आणि माणूस दिसतो तेव्हा तो थेट दारात असतो. मधलं अंतर नाही. माणूस दुरून येताना दिसला की आपण मनाची तयारी करतो. ती सोय इथे नाही. मग कान तयारी करू लागतात. ही पावलं कुणाची? जमादाराची की पेटी ऑफिसरची, म्हणजे कैद्यांतूनच नेमलेल्या पहारेकऱ्याची? थांबली का? 1983 मध्ये अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ स्टुअर्ट ग्रासियन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एकांतवासातल्या 14 कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलेल्या लक्षणांत आवाज असह्य वाटणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं आणि घाबरून जाणं ही ठळक होती. अंदमानच्या नकाशात या लक्षणांची जागा आधीच आखून ठेवलेली होती.

त्याचं काय झालं

अलीपूर बॉम्बखटल्यातले बंगाली क्रांतिकारक 1909 च्या अखेरीपासून इथे येऊ लागले. सामान्य कैदी काही महिन्यांनी कोठडीतून सुटून वसाहतीच्या कामाला जात. राजबंद्यांना ती वाट बहुतेक बंदच होती. त्यांच्यापैकी इंदुभूषण रॉय यांनी एप्रिल 1912 मध्ये कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्लासकर दत्त यांचं मन ढळलं. अंगात ताप असताना त्यांना खडी हथकडी, म्हणजे हात भिंतीला अडकवून उभं ठेवण्याची शिक्षा, दिली होती. पुढे त्यांना वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं आणि त्यांची बरीच वर्षं तशी गेली.

या दोघांच्या बाबतीत दोष भिंतींवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. कोलूवर दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायची सक्ती होती, अन्न निकृष्ट होतं, ठरलेल्या वेळेशिवाय शौचालाही सोडत नसत आणि रात्री कोठडीत एक मडकं. जेलर डेव्हिड बारी होता आणि त्याच्या हाताखालचे क्रूर वॉर्डर होते. हे सगळं एकत्र काम करत होतं. इमारतीने यात जी भर घातली ती नेमकी सांगता येते: छळाला साक्षीदार मिळू दिला नाही. शेजारच्या चाळीत कुणाला काय केलं, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस नसायचा. त्यामुळे तक्रार करणारा नेहमी एकटा पडायचा आणि अफवा मात्र भिंती ओलांडून यायच्या. जे दिसत नाही ते मन वाढवून पाहतं, आणि बारीला तेच हवं होतं.

कायद्याकडे पाहिलं तर संताप येतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 73 आणि 74 या कलमांनी एकांतकोठडीला मर्यादा घातली होती. एकूण तीन महिन्यांहून जास्त नाही आणि एका वेळी 14 दिवसांहून जास्त नाही. अंदमानातल्या कोंडीला वेगळं नाव दिलं की ही मर्यादा आड येत नसे. कैद्याच्या डोक्यावरचा झरोका मात्र त्याच उंचीवर राही. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांत सलग 15 दिवसांवरचा एकांतवास निषिद्ध ठरवला आहे. इंग्रजांना ती संख्या दीडशे वर्षं आधीच जवळपास उमगली होती, हे त्यांच्याच कायद्यावरून दिसतं. अजाणतेपणी झालं असं म्हणायला जागा नाही.

नकाशाला एका ठिकाणी फट होती. नजर अडवणारी भिंत ठोका अडवत नाही. बंद्यांनी भिंतीवर ठोके देऊन आणि बेड्या वाजवून खुणांची भाषा बसवली. विनायकरावांनी काट्याने, खिळ्याने भिंतीवर ओळी कोरल्या, पाठ केल्या, पुसल्या. भिंत जे तोडत होती त्याच भिंतीवर त्यांनी लिहिलं. चाळी एकमेकींना पाठ दाखवून उभ्या असूनही बंद्यांचे संप एका चाळीतून दुसरीकडे पसरले, ते या कानांच्या वाटेने.

त्याच भिंती, वेगळी माणसं

हे प्रकरण अभ्यासाला इतकं मोलाचं का, याचं कारण 1930 च्या दशकात आहे. 1921 मध्ये राजबंद्यांना मुख्य भूमीवर परत नेलं होतं. 1932 पासून पुन्हा पाठवू लागले. इमारत तीच, झरोके तेच, मनोरा तोच. मे 1933 मध्ये उपोषण झालं. जबरदस्तीने नळीवाटे दूध घातल्यानंतर महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मोइत्र यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारला नमतं घ्यावं लागलं आणि पुस्तकं, दिवे, एकत्र बसण्याची मुभा अशा सवलती मिळत गेल्या.

आणि जागेचा स्वभाव बदलला. दिवसा दारं उघडी राहू लागली तशी व्हरांड्यात माणसं जमू लागली. वाचन, वादविवाद, अभ्यासमंडळं सुरू झाली. 1935 मध्ये तिथल्या बंद्यांनी कम्युनिस्ट कन्सॉलिडेशन नावाचा गटच उभा केला. 1937 मध्ये पुन्हा मोठं उपोषण झालं, देशभर चळवळ झाली, गांधीजी आणि रवींद्रनाथांनी लक्ष घातलं आणि 1938 च्या सुरुवातीपर्यंत राजबंद्यांना परत आणलं गेलं. ज्या व्हरांड्यातली पावलं ऐकून 1912 चा बंदी दचकत होता, त्याच व्हरांड्यात 1935 चा बंदी इतिहास-अर्थशास्त्र शिकत होता. समोर तीच पाठ होती, पण शेजारी चेहरा होता.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की भीती भिंतीत मुरलेली नसते. आराखडा भीतीची सोय करून ठेवतो, आणि ती सोय वापरायला कुलूप, वेळापत्रक आणि नियम लागतात. हे उलटही खरं आहे. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी अंदमान घेतलं आणि तीच सोय त्यांनी लगेच वापरायला काढली. लोकांची सेवा करणारे डॉक्टर दिवाणसिंह कालेपाणी यांचा जानेवारी 1944 मध्ये याच तुरुंगात छळाने मृत्यू झाला. इमारत इंग्रजांची, कैदी हिंदी, छळणारे जपानी. आराखड्याला मालक बदलल्याचा काही फरक पडला नाही.

आज तिथे काय कळत नाही

आज सातांपैकी तीन चाळी आणि मनोरा उरला आहे. दोन चाळी जपानी अमलात पाडल्या गेल्या, दोन स्वातंत्र्यानंतर. 1963 मध्ये त्या आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं. 11 फेब्रुवारी 1979 रोजी तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला.

रुग्णालयाला माझा आक्षेप नाही. जिथे माणसं मारली तिथे माणसं बरी व्हावीत, हे चांगलंच आहे. पण चाळी गेल्यामुळे या वास्तूचा मुख्य अवयव निखळला, हे स्मारक पाहणाऱ्याला कुणी सांगत नाही. एका चाळीसमोर दुसरीची पाठ हवी. ती जिथे नाही तिथे पर्यटकाला मोकळं आभाळ दिसतं, झाडं दिसतात. वर गच्चीवर गेलं तर निळा समुद्र आणि समोर नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, म्हणजे पूर्वीचं रॉस बेट. मराठी प्रवासी सावरकरांच्या कोठडीत जातात, त्या कोठडीला असलेलं दुहेरी गजदार पाहतात, डोळे पुसतात, नमस्कार करतात. भावना खरी असते. मात्र दहा माणसांच्या गर्दीत, उघड्या दाराने, मागून गाईडचा आवाज येत असताना ती जागा कैद्याला कशी भासली असेल याचा अंदाज येणं शक्य नाही. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात तर मोठ्या आवाजात सारं सांगितलं जातं. ज्या वास्तूचं मुख्य हत्यार शांतता होतं तिथे इतका आवाज मला फार खटकतो.

2014 पासून हे स्मारक युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहे. त्यासाठी कधी नवा आराखडा झाला, तर तीन गोष्टी व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. पाडलेल्या चारही चाळींच्या पायाच्या रेषा जिथे जागा मोकळी आहे तिथे दगडाच्या पट्टीने जमिनीवर आखाव्यात, म्हणजे सात आरे पुन्हा मोजता येतील. जिथे दोन चाळी अजून एकमेकींशेजारी उभ्या आहेत, त्यातल्या मधल्या मजल्यावरची एक कोठडी गाईडशिवाय, फलकाशिवाय, एका वेळी एकाच माणसासाठी ठेवावी. दार लोटलेलं असावं, कुलूप नको, आणि दहा मिनिटं व्हरांड्यात कुणी थांबू नये. तिसरं म्हणजे इंदुभूषण रॉय आणि उल्लासकर दत्त यांची हकीकत त्या मजल्यावरच, नकाशासह लावावी: ते कुठल्या बाजूला तोंड करून बसत, त्यांना समोर काय दिसत होतं आणि त्यांच्या कोठड्यांपासून सर्वांत जवळचा सोबती किती फुटांवर होता.